तव्याला राख लावायची न्हाई

आमच्या भावजीला बसलेलं मी उभ्या जल्मात फकस्त एकदा बघितलं. ते बी चोरून. त्यांला अजून ठावं न्हाई, अन् तुमी बी सांगू नगा.

भावजी म्हंजी माझा धाकटा दीर, अंकुश. साठीला आलेत. शेवग्याच्या शेंगंवानी वाळकं आंग, पन पायाला चाकं. च्या उभ्यानं पिनार, भाकर हातावर घिऊन उभ्यानं खानार, बोलता बोलता दारातून अंगनात अन् अंगनातून दारात. त्यांच्यासंगं बोलायचं म्हनलं की माझी मान दुखती. न्हाव्यानं बी त्यांच्याम्होरं हार खाल्ली. तो बुटका, म्हून दगडावर चढून त्यांची हजामत करतो.

एकदा बीडाच्या दवाखान्यातून आमी यष्टीनं येत व्हतो. गाडी निम्मी रिकामी. कंडक्टर म्हनला, बाबा, बसा की, जागा हाय. भावजी दांडा धरून उभेच. म्हनले, "मी जायाचं टिकिट काढलंय, बसायचं न्हाई." केजपस्तूर सगळी गाडी हसत आली.

झोपायचे मातर. उभ्याचे आडवे व्हायचे, आडव्याचे उभे. मदलं काई त्यांच्यात नव्हतंच. लगीन झालतं. बायकोनं दोन सालं काढली अन् माहेराला गेली ती गेलीच. जाताना मला म्हनली, बाई, नवऱ्यासंगं बसून दोन घास खावं म्हनलं तर ह्यो मानूस बसतच न्हाई, मी काय घोड्यासंगं संसार करू का? तिचं खरंच व्हतं.

तर आसल्या ह्या मानसाला एकच चीज बसवायची कळत व्हती. डुकराची चाप.

आमी डुकरं पाळनारी मानसं. वस्ती गावाच्या कडंला. गावातल्या बाया आमच्या वाटंनं जाताना नाकाला पदर लावायच्या. लावू द्या. त्यांचेच नवरे अंधार पडला की डबा घिऊन आमच्या दारात यायचे अन् म्हनायचे, मावशे, घरी कळू दिऊ नगं.

सालातून एकदा, ऊसतोडीहून माघारी आल्यावर, देवीला डुक्कर कापायचं अन् वस्तीत वाटे घालायचे. वाटे म्हंजी सारख्या सारख्या ढिगल्या. काळीज, चरबी, हाडूक, सगळं सगळ्यात थोडं थोडं. घरटी एक ढिगली. भावजी मातर ढिगली घ्यायचे न्हाईत. म्हनायचे, मला पाठीची चाप द्या, बाकी तुमचं. पाठीच्या कन्याजवळचा जाड तुकडा, एका अंगाला बरगडीचं हाड, कडंनं चरबीची पट्टी. मानसं हसायची. सगळ्यांच्या चुलीवर लाल रस्सा उकळायचा, किलूभरात दहा मानसं व्हायची. चापंत एक मानूस बी धड भरत न्हाई. "अंकुश, हाडूक चघळून दात पाडतो का बे?" आसं कुनी म्हनूस्तोर भावजी लांब गेलेले असायचे.

हे याड पुन्याचं. तरन्यापनी भावजी दीड वरीस पुन्याच्या एका हाटेलात भांडी घासायला व्हते. तिथं लोक डुकराची चाप खायाला यायचे. भांडी घासनाऱ्याला कोन काय शिकवतंय? पन भावजीच्या ध्यानात एक गोष्ट आली. बाकीची भांडी करपलेली, चिकाटलेली यायची, अन् चापंचा तवा यायचा तो पुसल्यावानी साफ. सा म्हैने इचार केला म्हनं, की ह्यो तवा माझ्याआदी घासतंय कोन? मग एक दिस सैपाक करनाऱ्या वस्तादाच्या मागं जाऊन उभे ऱ्हायले. बघतेत तर वस्तादानं चाप काढून ठेवली, तव्याला जे तांबडं-काळं चिकटलं व्हतं त्याच्यावर आंबट-गोड पानी वतलं, उलथन्यानं खरवडलं, आटवलं, अन् तेच चापंवर घातलं. भावजी म्हनले, वस्ताद, ह्ये तर खरकटं. वस्ताद म्हनला, "येड्या, चव तव्याला ऱ्हाती. लोक राख लावून ती फेकून देतेत."

दीड वर्सात भावजीनं पुन्याहून येवढीच एक गोष्ट आनली. पिशवी बी रिकामीच व्हती.

माझा एक जाड लोखंडी तवा व्हता, लव्हाराकडून घडवून घेतलेला, मदी खोलगट. भाकरीचा एगळा, ह्यो एगळा. ह्यो तवा भावजीनं ताब्यात घेतला. त्या दिसापासून घरात कायदाच झाला, "वयनी, तव्याला राख लावायची न्हाई." नुसता फडक्यानं पुसायचा, चरबीचं बोट फिरवायचं अन् खुटीला टांगायचा. मी एकदा इसरून राखंला हात घातला तर भावजी अंगनातून आसे पळत आले, मला वाटलं इंचूच दिसला.

चाप करायची तर आदी फडक्यानं कोरडी करायची. मीठ, हळद, ठेचलेला लसून अन् मिरं चोळून ठिवायची. तवा इतका तापवायचा की पान्याचा थेंब टाकला तर नाचला पायजे. मग चाप चरबीच्या कडंवर उभी करायची. त्याल घालायचं न्हाई. "उभ्या उभ्या तिचंच त्याल सुटतंय," म्हनायचे. मग आडवी करायची, अन् हात लावायचा न्हाई. मी हलवाया गेले की, "ऱ्हाऊ द्या वयनी, तिला धरू द्या, पिकली की आपसूक सोडती." तांबडी झाली की उलटायची, आतपस्तूर शिजू द्यायची. मग ताटात काढून वर परात पालथी घालायची अन् म्हनायचं, "आता बसू द्या तिला. लगीच कापली तर सगळा रस ताटात जातोय. मटनाला बी दम खाऊ द्यावा."

अन् चाप दम खात ऱ्हायली की हे चालाया लागायचे. घड्याळ कुठं व्हतं? घरापून वड्याकडच्या कडूलिंबापस्तूर जायाचं अन् माघारी यायाचं, आशा तीन खेपा. तेवढं चापंनं बसायचं. तिसऱ्या खेपंला आले की गरम तव्यात कांदा अन् हिरवी मिरची पडायची, मग ऊसाचा रस अन् चिंचंचा कोळ. चर्र करून आवाज व्हायचा अन् सगळी वस्ती मान वर करायची. भावजी लाकडी उलथन्यानं तवा खरवडायचे, कुठं कन बी सोडायचे न्हाईत. ताटात सुटलेला रस बी त्यातच. बोट फिरवलं अन् मागं रेघ ऱ्हायली की झालं. दाट, तांबूस, आंबट, गोड, जरा करपट. ते चापंवर घालायचं.

मी हसून म्हनायचे, भावजी, चाप उभी ऱ्हाती, आडवी व्हती अन् बसती बी. तुमीच कावून बसत न्हाईत? तर म्हनायचे, "बसायचं काम तिला दिलंय."

ऊसाला काय, तोडीवर तोटा नव्हता. कांडं दगडावर ठेचायचं, फडक्यात पिळायचं. तोडीवर कोयता म्हंजी जोडी असती, नवरा अन् बायकू. मुकादम जोडीच मोजतो. नवऱ्यानं तोडायचं, बायकूनं मोळ्या बांधायच्या. भावजीची बायकू गेलेली, म्हून ते अर्धा कोयता. मी अन् मालक पुरा कोयता, अन् हे आमच्या मागं अर्धे. दहा-बारा सालं आसंच गेलं.

मग मालक गेले. तोडीवरच, खोपीत. दमा व्हता. त्या दिशी ट्रॅक्टर भरायचा थांबला न्हाई, थांबत बी नसतो. माती देऊन आलो अन् चौथ्या दिशी मी फडात उभी. रडायला बी फुरसत पायजे. मला भाकर मातर जाईना. तोंडात घास फिरायचा अन् भाईर यायचा. आसे सात-आठ दिस गेले. तव्हा भावजी कुठून तरी एक चाप घिऊन आले. एकच. केली, बसवली, तीन खेपा घातल्या, वर तव्याचं घातलं अन् माझ्याम्होरं ताट ठिवलं.

"बसलीया ती," म्हनले. "आता तुमी बसा."

अन् पाठ करून उभे ऱ्हायले, फडाकडं तोंड करून. मी खाईस्तोर हालले न्हाईत. मी हाडूक चाटून ताटात टाकलं, त्याचा आवाज झाला, तव्हा गेले.

म्होरल्या साली मुकादम म्हनला, तुमी दोघं अर्धे अर्धे, मिळून एक कोयता धरा. वस्तीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसाया लागल्या. मी म्हनले, हसा. जो मानूस सोताच्या बायकूजवळ बसला न्हाई तो भावजयीजवळ बसनार व्हय? तव्हापून गप झाल्या. मग गुडघे जाईस्तोर आमी एक कोयता ऱ्हायलो. ते तोडायचे, मी बांधायचे. तीन सालं झाली, तोड सोडली. त्यांचं घर माझ्या घराला लागून. भाकरी मी टाकते, पानी-सरपन ते आनतेत.

तर औंदा चैतात माझा लेक बाला आला, सुनंला घिऊन. चाकनला कंपनीत हाय तो. म्हनला, आई, आता हितं काय हाय तुझं? गुडघे गेले, डोळे गेले. चल. खोली मोठी घेतलीया, पूजाला बी सोबत व्हईल. लेक चांगला हाय, सून बी चांगली. न्हाई कशापायी म्हनू? व्हय म्हनले. दोन लुगडी, औषीदं, मालकाचा फोटू, आसं गाठोडं बांधलं अन् दारापाशी ठिवलं.

भावजीला सांगितलं. त्यांनी आईकलं अन् चालाया लागले. दोन दिस त्यांचे पाय थांबले न्हाईत. वड्याकडं जायाचे, यायचे, पडवीतून परसात, परसातून पडवीत. बाला म्हनला, नाना, जरा दम घ्या की, मला चक्कर याया लागली. अंगनात त्यांच्या पावलाची वाट पडली. मला म्हनावं तर एक शब्द म्हनले न्हाईत. जा बी न्हाई अन् ऱ्हावा बी न्हाई. मी बी इचारलं न्हाई. आमी कव्हा आसलं बोललेलो न्हाईत, ते आता कुठून येनार? मला बी पडल्या पडल्या डोळा लागंना. गाठोड्यातून लुगडं काढायची, घडी मोडायची, फिरून घडी घालून ठिवायची.

निघायच्या दिशी भावजी सकाळच्या पारी गायब झाले. उन्हं वर आल्यावर आले ते हातात चापा अन् खांद्यावर एक ऊस. चैतात ऊस कुठला? म्हनले, युसूफ वडगावच्या अंगाला एका मळ्यात कोपऱ्यात ऱ्हायलेला. तितं चालत गेलते. एका ऊसासाठी.

चापा उभ्या झाल्या, आडव्या झाल्या, परातीखाली बसल्या. भावजीनं तवा चुलीवरून खाली घेतला, मला म्हनले आलोच, अन् निघाले लिंबाकडं. मी शेजारनीला सांगावा सांगाया गेलते. बाला गाडी पुसत व्हता.

सून बिचारी रिकामी. तिला वाटलं, सासूबाई आता जानार, जाता जाता येवढं तरी काम हातावेगळं करावं. तिनं तवा बघितला, करपलेला, तांबडा-काळा. निवला तशी घेतला, राख घेतली, तारंचा चोथा घेतला, वर तिचा पुन्याचा साबन. आसा घासला म्हंता, लव्हारानं बी इतका पांढरा बघितला नसंल.

मी आले अन् भावजी तिसऱ्या खेपंहून आले, बरुबरच. तवा भितीला टेकून उभा, पानी गळतंय, उन्हात चकाकतोय.

पूजा म्हनली, "नाना, केवढा जळला होता हो. कितीतरी वर्षांचा थर होता. सगळा काढला."

तीस-पस्तीस सालाचा तवा तो. मी भावजीच्या तोंडाकडं बघितलं न्हाई, पायाकडं बघितलं. पाय थांबले व्हते.

भावजी म्हनले, "लई घासलं बाई तू. हात दुखत असतील."

येवढंच. मग आमी चापा खाल्ल्या, कोरड्याच. कुनी कोरड्या म्हनलं न्हाई. ऊस तसाच कुडाला टेकून ऱ्हायला. बालानं गाठोडं उचललं अन् गाडीत ठिवाया निघाला, तव्हा भावजी म्हनले, "वयनी, तवा बी नेनार का?"

मी म्हनले, माझाच हाय, न्यावं म्हंते.

"मग आसा नेऊ नगा. उघडा पडलाय, सगळं चिकटंल. मुरवून देतो. आठ दिस लागतील."

बाला हसला. म्हनला, आई, नॉनस्टिक घिऊन देतो की तुला, काईच चिकटत न्हाई त्याला. मी म्हनले, मला ह्योच पायजे. बाला कावला. म्हनला, तव्यापायी? मी रजा टाकून आलो, अन् तू तव्यापायी थांबतीस? पूजाचे डोळे भरले, तिला वाटलं तिचीच चूक. मी तिला जवळ घेतलं अन् म्हनलं, न्हाई गं, तू लई चांगला घासला. आठ दिसाचंच तर हाय. गाठोडं दारापाशीच ऱ्हाऊ द्या.

तर ह्ये चैतातलं. आता भादवा लागलाय.

भावजी रोज तव्याला चरबी लावतेत, चुलीवर धूर निगूस्तोर तापवतेत, निववतेत, फिरून लावतेत. सा-सात दिसाला एक धिरडं टाकून बघतेत. ते चिकटतंय. मग चालतानंच मान हलवून म्हनतेत, "अजून न्हाई वयनी. मुरला न्हाई." ऐतवारी बालाचा फोन येतो. आई, तवा झाला का? मी म्हंते, न्हाई बाबा, चिकटतंय. तो म्हनतो, असला कसला तवा. मी बी तेच म्हनायची. जीव थाऱ्यावर नव्हता. ना धड हितली, ना धड तितली. गाठोड्यातनं लुगडं काढायचं, नेसायचं, धुवायचं, फिरून गाठोड्यात. मला वाटायचं साबनानंच लोखंड बिघडलं. न्हाईतर चरबी खराब. पन्नास सालं चूल केली मी, आठ-पंधरा दिसात तवा मुरतो हे मला ठावं न्हाई व्हय? पन ध्यानात आलं न्हाई.

गेल्या बाजारच्या दिशी मी नांदूरघाटला गेलते. दिस मावळायच्या टायमाला यायची हमेशा. त्या दिशी जीपवाल्याला कुठं पाव्हन्याकडं जायाचं व्हतं, त्यानं दुपारीच गाडी भरली. मी वस्तीच्या फाट्याला उतरले अन् परसाकडनं आले, तितनं चढ कमी.

परसात, कुडाच्या मागं, भावजी बसले व्हते.

बसले व्हते. मांडी न्हाई, उकिडवं न्हाई. ल्हान लेकरावानी पाय म्होरं पसरून, कुडाला पाठ टेकवून बसलेले. मांडीवर तवा. बाजूला राखंची पाटी. हातात नारळाची शेंडी. अन् तो मानूस तवा घासत व्हता. दात खाऊन, घाम गळेस्तोर, कडंकडंनं घासत व्हता. सकाळीच चरबी लावून तापवलेला तवा. जरा काळा झाला की घास. मदीच उन्हात धरून बघायचे, कुठं थर धरतोय का, अन् तितं फिरून राख.

मी हाक मारली न्हाई. पिशवी तशीच धरून मागच्या पावली फिरले. लिंबापस्तूर गेले, माघारी आले. गेले, आले. गुडघे बोलत व्हते. तिसऱ्या खेपंला लांबूनच खोकले अन् म्हनले, भावजी, आले बरं का, गाडी लौकर सुटली.

म्होरल्या अंगनात आले तर भावजी उभे. तवा चुलीपाशी, त्याच्यावर घाईनं चरबी फासलेली. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग वड्याकडं बघितलं.

"अजून न्हाई वयनी," म्हनले. "चिकटतंय."

त्यांच्या हाताला कोपरापस्तूर राख व्हती.

मी पान्याचा तांब्या म्होरं केला. म्हनलं, "चिकटू द्या. हात धुवा, भाकर टाकते."

त्यांनी हात म्होरं केले, मी पानी वतलं. राख व्हाऊन गेली. मग मी दारापाशी गेले, गाठोडं सोडलं अन् लुगडी दोरीवर टाकली.